कोरडं ऊन

३ मे
पाम स्प्रिंग्ज, कॅलिफोर्नियाचं वाळवंट. घर मिळालं! स्विमिंग पूल, लिंबाचं झाड, मागे डोंगर आणि भाडं किरकोळ. लोक वेडे आहेत का? गल्लीतली सगळी मंडळी गाड्या भरभरून पळतायत. मालकीण मिसेस थॉर्स्बी पण निघाल्या कॅनडाला. किल्ली देताना म्हणाल्या, सीझन लागेपर्यंत घर तुमचंच समजा. घर तुमचंच समजा! आमच्या बर्फाळ फार्गोत सख्खा भाऊ असं म्हणणार नाही.
संकल्प : रोज पहाटे चालणे. पोहायला शिकणे. कुरकुर बंद.

५ मे
दोन वर्षांनी कोरिनशी बोललो. लेकीचा राग अजून तसाच. म्हणे, बाबा, तुम्ही एक गोष्ट शेवटपर्यंत नेली नाहीत, आई त्यालाच कंटाळून सोडून गेली. मी विषय बदलला. म्हटलं, थँक्सगिव्हिंगला इकडे ये, आर्लोला घेऊन ये. फार्गोत एकाच गावात राहून नातू अजून पाहिलेलासुद्धा नाही मी. म्हणाली, नोव्हेंबरपर्यंत तिथे टिकलात तर येईन.
टिकलात तर! इथून आता मला चौघांनी उचलूनच न्यावं लागेल.

२९ मे
शेजारची रमोना भेटली. रिटायर्ड हेअरड्रेसर, तोंडाने फटकळ. म्हणाली, काय हो फार्गोकर, सीझनपर्यंत मुक्काम का? म्हटलं, सीझनभर, आणि नंतरही. तर म्हणते कशी, बरेच पैसेवाले दिसता! बाईला माणसाची पारख आहे.

२१ जून
पारा एकशे पंधरा फॅरनहाइट. काही वाटत नाही. कोरडं ऊन आहे ना, घामच येत नाही. म्हणजे येतो, पण यायच्या आत वाळतो.
पहाटेचं चालणं उद्यापासून.

४ जुलै
गाडीचं स्टिअरिंग ओव्हनचे हातमोजे घालून धरलं. थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी. पुलात पाय घातला आणि तसाच बाहेर काढला. पोहणं ऑक्टोबरात.
आर्लोसाठी आणलेला फुगवायचा रबरी फ्लेमिंगो दुपारी उन्हात फटकन फुटला. दुसरा आणला, तोही गेला. तिसरा एसीत ठेवलाय, माझ्या पलंगावर. मी सोफ्यावर.

१९ ऑगस्ट
फ्रिजचं दार उघडून समोर खुर्ची टाकून बसलो होतो. पेपर वाचत. खिडकीतून रमोनाने पाहिलं. म्हणाली, देवा रे, अहो लोक इथे सीझनला येतात, तुम्हाला आत्ताच कसं सुचलं? म्हटलं, मी सगळ्यांच्या आधी, मेमध्येच आलो म्हणून तर एवढी चांगली जागा मिळाली! तिने छातीवर क्रूस काढला आणि गेली.

११ सप्टेंबर
एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणे दोन दिवसांनी. रमोनाने दंडाला धरून तिच्या घरी नेलं, मीठ-मिरची लावलेलं कलिंगड खायला घातलं. म्हणाली, कशाला जीव देताय, जा की आपल्या गावाला. जाणार नाही म्हटलं. लेक येणार आहे. त्यावर तिने अजून एक फोड दिली.
कुरकुर नाही. नुसती नोंद आहे ही.

१४ ऑक्टोबर
स्वर्ग! सकाळी चक्क स्वेटर. डोंगरावर गुलाबी ऊन, लिंबं धरलीत. पहाटे चाललो (कोपऱ्यापर्यंत). पोहलो (भिंत धरून). कोरिनने तिकिटं काढली! आर्लोचा फोटो पाठवलाय, समोरचे दोन दात पडलेत. आज मी रडलो थोडा. कोरडी हवा, डोळे चुरचुरतात.
गल्लीत गाड्या परतायला लागल्या. बिचारे, उन्हाळा हुकला यांचा.

२५ ऑक्टोबर
मिसेस थॉर्स्बींचा फोन. एक तारखेला येतेय म्हणाल्या. म्हटलं, अवश्य या, घर तुमचंच समजा, पाहुण्यांची खोली लावून ठेवतो.
मग हळूच म्हणाल्या, पण तुम्ही कुठे जाणार?

२६ ऑक्टोबर
या गावात सीझन म्हणजे हिवाळा. उन्हाळ्याला कोणी सीझन म्हणतच नाही. रमोना म्हणाली, मे महिन्यापासून घसा फोडून विचारतेय मी, तुम्हाला वाटलं काय? दिवसभर तिने आणि मी फोन केले. गावात पाय ठेवायला जागा नाही, आणि जी आहे ती राजेमहाराजांसाठी.

२८ ऑक्टोबर
कोरिनला सांगितलं. सगळं, फ्रिजसकट. म्हटलं, पोरी, घर गेलं, पण उन्हाळा मी शेवटपर्यंत काढला. तिकडून हुंदके आले. मग कळलं, हसतेय. पोट धरून हसतेय. आई मला सोडून गेल्यापासून ती माझ्याशी हसली नव्हती. शेवटी म्हणाली, बाबा, आमची तिकिटं रद्द करते, तुम्हीच या इकडे.

२६ नोव्हेंबर, फार्गो
थँक्सगिव्हिंग. गुडघाभर बर्फ. आर्लो फ्लेमिंगो घेऊन बाथटबमध्ये बसलाय, बाहेर यायला तयार नाही. मला 'वाळवंटवाले आजोबा' म्हणतो.
दुपारी बर्फ उपसायला मीच पुढे झालो. संकल्प : रोज उपसणे. पाच मिनिटांत नाक गेलं, कान गेले. कोरिन दारातून ओरडली, बाबा, आत या, सोसणार नाही तुम्हाला!
म्हटलं, छे गं, काही वाटत नाही. कोरडी थंडी आहे.