आंधळगाव हार्बर

१५ ऑगस्ट १९८३, सोमवार
आजपासून गावच्या तलावात हाऊसबोटीवर मुक्काम. तारीख मुद्दाम धरली. देशाबरोबर आपणही स्वतंत्र.

फॅक्टरीच्या स्टोअर्समधून रिटायर झालो, जवाहरनगरचं क्वार्टर सोडावंच लागणार होतं. रुखमिणीची एकच इच्छा, आता स्वतःचं घर हवं. त्यासाठी वरठीचा प्लॉट तिनं जन्मभर जपून ठेवायला लावला. तो विकला आणि बोट बांधली. प्लॉटवर घर कोणीही बांधतो. तलावावर तरंगतं घर अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझं एकट्याचं! खाली भंगारातले ड्रम, वर सागाच्या फळ्या, बांबूच्या तट्ट्या, टिनाचं छप्पर. मुंबईच्या बंदरात एकदा असं कुटुंब पाहिलं होतं. बाई पोळ्या लाटत होती, पुरुष खुर्चीत पेपर वाचत होता. तेव्हाच ठरवलं होतं.

बोटीवर पाय ठेवताच रुखमिणी रडली. आनंद झाला असणार.

१६ ऑगस्ट, सकाळ
रुखमिणी म्हणते, मले पाण्याचं भेव लागते, रातभर डोळा नाही लागला. तिला मुंबईच्या बाईचं उदाहरण दिलं. उठून स्टोव्ह पेटवायला लागली. पटलं.

२१ ऑगस्ट
चार दिवसांपासून टाइमटेबल लागू. मासे धरणाऱ्या डोमाकडून जुना डोंगा घेतलाय. वल्हं माझ्या उशाशी. किनाऱ्याला फेरी पहाटे एक, अंधार पडल्यावर एक. रुखमिणीनं विचारलं, अन् मधातच जावं लागलं त? म्हटलं, सवय करावी लागते. त्या दिवसापासून तिनं दुपारचं पाणी पिणं सोडलंय. सवय लागली!

संध्याकाळी चुलतभाऊ भोजराज तलावाच्या पाळीवरून ओरडून गेला, भाऊ, वहिनीले तरी आमच्या घरी राहू द्या. जळतो. माझी धानाची शेती अर्ध्या वाट्यानं करतो आणि मलाच शहाणपण शिकवतो.

५ सप्टेंबर
पोळ्याची तयारी. हार्बरमध्ये भयंकर ट्रॅफिक. गावातले सगळे बैल धुवायला पाण्यात. त्यात म्हशी. एका म्हशीनं ड्रमला पाठ घासली, बोट हलली, स्टोव्ह कलंडला आणि उकळती डाळ रुखमिणीच्या पायावर. पाय बरा होईल. डाळ मात्र सगळी गेली.

दुपारी बोर्ड रंगवून पाळीवर ठोकला: ‘बंदरात म्हशी आणू नयेत. हुकुमावरून.’ म्हशींनी पाहिलासुद्धा नाही.

१८ सप्टेंबर
रुखमिणीला ताप. बोट लागली असणार, जहाजावर नव्या माणसाला होतंच. भोजराज सकाळपासून पाळीवर उभा. म्हणे, डाक्टरकडे नेऊन टाका न भाऊ, काहून वाट पाहून राहिले? म्हटलं, एकदा टाइमटेबल मोडलं की मोडलंच. अंधार पडल्यावर नेलं. डॉक्टर दवाखाना बंद करून निघून गेलेले. या देशात वेळेचं महत्त्व कोणालाच नाही.

९ ऑक्टोबर, रविवार
पाऊस गेला. धान ऐन भरणीत आलंय. तलावाचं पाणी सोडायचं की आठवडाभर थांबायचं, यावर गावाची मीटिंग. वाट्याचं धान माझंही आहे, म्हणून उठून बोललो. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे म्हणालो. पाळीतलं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, पूर्ण उघडा आणि शेवटच्या शेताच्या बांधीत पाणी भरेपर्यंत बंद करू नका, असं ठणकावून सांगितलं. भोजराज म्हणाला, पण भाऊ, तुमची बोट... मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. टाळ्या पडल्या. डोमानं सगळ्यात जास्त वाजवल्या.

स्टोअर्समध्ये माझं हे वक्तृत्व फुकट गेलं.

१३ ऑक्टोबर
तलावाची पाळ उंच झाल्यासारखी दिसते. रातोरात कोणी माती टाकतंय काय? तहसीलदारांना अर्ज करावा लागेल. रुखमिणी म्हणते, पाणी उतरून राहिलं. दृष्टिभ्रम. तिला चष्मा लागला असणार.

१७ ऑक्टोबर, सकाळ
बोट एका अंगावर कलली. डोंगा चिखलात. काठीनं माप घेतलं, माणूस कमरेपर्यंत रुतेल. रुखमिणीनं विचारलं, आता कसं? सांगितलं, मोठ्या बंदरात याला ड्राय डॉक म्हणतात, जहाज दुरुस्तीला फार सोयीचं. आज फेरी रद्द.

दुपार
रुखमिणी बोटीच्या काठाशी उभी राहून भोजराजच्या बायकोला, सीताबाईला, हाका मारू लागली. एवढा मोठा आवाज तिला आहे हे माहीत नव्हतं. बंद कर म्हटलं. केला नाही.

१८ ऑक्टोबर
सकाळी अर्धं गाव धानाच्या तणशीचे भारे घेऊन आलं. चिखलावर भारे टाकत टाकत बोटीपर्यंत वाट केली. धुतलेला शर्ट घातला. चार शब्द बोलायची तयारी केली. भोजराजनं हात पुढे केला. रुखमिणीपुढे. ती मागे न बघता उतरली. तिची ट्रंक डोमाच्या डोक्यावर.

पाळीवर पोचल्यावर बायका काहीतरी म्हणाल्या आणि ती हसली. हसताना समोरचा एक दात पडलेला दिसला. कधी पडला कोण जाणे.

मी सामान आवरत होतो तोवर लोक तणीस उचलायला लागले. थांबा म्हटलं. भोजराज म्हणाला, जनावराचं खाणं आहे भाऊ, चिखलात किती वेळ ठेवू?

१९ ऑक्टोबर
कॅप्टन जहाज सोडत नसतो. रॉकेल संपलं. तांदूळ भिजवून खाल्ले. ती परवापर्यंत येईल.

२४ ऑक्टोबर
आली नाही. माझ्याशिवाय तिचं कसं चालत असेल, याची काळजी वाटते.

३० ऑक्टोबर, रविवार
चिखल वाळला. चालत गेलो. भोजराजच्या मागच्या अंगणात तणशीची खोली होती, ती सारवून रुखमिणी तिथं राहते. भोजराजकडे धान कापायला जाते. क्वार्टरमध्ये कधी उन्हात पाय ठेवला नव्हता तिनं.

मोठ्या मनानं तिला माफ करायचं ठरवून गेलो होतो. दार नुसतं लोटलेलं. आतून विचारलं, कोण? म्हटलं, मी. ती म्हणाली, आवाज ओळखला. पावलं दाराकडे आली. मी कॉलर नीट केली. आतून कडी लागली.

बराच वेळ उभा होतो. फार वाईट वाटलं. इथं तरी लिहायला हरकत नाही.

सीताबाई नात्यानं भावसून, पदर ओढून बाजूनं जायची. आज पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली. म्हणाली, ते घर जाऊबाईचं आहे, त्यायले विचारल्याबिगर कोणी आत जात नाही.

विचारलं. आतून रुखमिणी नाही म्हणाली.