सासऱ्यांनी आवरलेली होडी

ती. मामांस,

आधी वाकून नमस्कार घ्या. तो पत्रातूनच करतो आहे हे एका अर्थी बरं, कारण समोर असतो तर वाकता आलं नसतं, आणि कसाबसा वाकलो असतो तर तुम्हालाच मला उचलून उभं करावं लागलं असतं. तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे जिना चढू देतात का? तुमच्या मांजरीला पुन्हा पिल्लं झाली असतील तर आनंद आहे, पण आम्हाला नकोत, हे आधीच सांगून ठेवतो. इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळे म्हणजे मी सोडून सगळे. माझा उजवा खांदा सध्या कानाजवळ असतो आणि काही केल्या खाली यायला तयार नाही. समोरच्याला वाटतं, मी सारखा 'मला काय माहीत' म्हणून खांदे उडवतो आहे.)

खांद्याचं कारण तुमचं इंजिन. रागावू नका, इंजिनाला मी दोष देत नाही. होडीच्या मागे लावायचं ते मोटरचं धूड माझ्या हवाली करताना तुम्ही म्हणाला होतात की इंजिन कधी बिघडत नाही, माणूस बिघडतो. मला वाटलं, हा तुमचा नेहमीचा टोमणा. आता तो शंभर टक्के पटला आहे. फक्त माणूस कोणता, तेवढं तुम्ही सांगितलं नव्हतं.

तर आमचे सासरे आले. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून तुम्हीच शाळेची वर्षं काढलीत आणि तुम्हीच त्यांची मुलगी मला सुचवलीत, तेव्हा त्यांचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगणार. पण इतकी वर्षं खिळे, स्क्रू आणि नळांच्या दुकानात बसून त्या स्वभावाचं काय झालं आहे, ते तुम्ही पाहिलेलं नाही. त्यांना जगात तीनच गोष्टी दिसतात. जे सैल आहे ते, जे गळतं आहे ते, आणि जे उगाच लोंबतं आहे ते. सैल दिसलं की आवळायचं, गळतं दिसलं की बुजवायचं, लोंबतं दिसलं की काढून कामाला लावायचं. आल्या दिवशी ते आमच्या चहाच्या गाळणीकडे ज्या नजरेने बघत होते, ते पाहून हिने गाळणी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

येण्याचं कारण गंभीर होतं. मी कचेरीतली नोकरी सोडून तळ्यावर होडी चालवतो, इकडची माणसं तिकडे नेऊन सोडतो, हे काही त्यांच्या घशाखाली उतरलेलं नाही. जावई काय करतात असं कोणी विचारलं की 'वाहतूक' एवढंच म्हणून विषय बदलतात. या वेळी सोक्षमोक्षच लावायचा होता. सकाळची पहिली खेप त्यांच्या डोळ्यांदेखत पलीकडच्या धक्क्याला धड लागली, तर ते दुकानाचं नाव पुन्हा काढणार नाहीत. नाही लागली, तर होडी विकायची आणि मी त्यांच्या गल्ल्यावर बसून जन्मभर खिळे तोलायचे. मामा, तुम्हाला म्हणून सांगतो, मला ही होडी फार आवडते. तळ्याच्या मधोमध गेलं की मला कोणी काही शिकवत नाही. कचेरीत साहेब होते, घरी ही आहे, पाण्यावर मात्र मी आणि तुमचं इंजिन, आणि इंजिनाला स्वतःचं मत नाही. ते सुख सोडून खिळे तोलायचे, या कल्पनेने त्या संध्याकाळी मला घास जाईना.

मी ताटात बोटं फिरवत बसलो होतो तेवढ्यात सासरे पाय मोकळे करायला धक्क्यावर गेले आणि परत येऊन म्हणाले, होडी आवरून ठेवली आहे. मला गहिवरून आलं. (गहिवर माणसाने जरा चौकशी करून आणावा.)

सकाळी उतारू एकच, पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. शिवाय ही, सासरे आणि मी. इंजिन सुरू करायची दोरी ओढली. इंजिन गप्प. पुन्हा ओढली. गप्प. मग तुम्ही शिकवलेलं सगळं ओळीने केलं. गियर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा टणक होईपर्यंत दाबला, चोक ओढला, प्लग काढला, तो हिच्या ओढणीला पुसला, त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकलं, प्लग परत बसवला आणि पुन्हा दोरीला लागलो. नर्सबाईंनी इंजिनावर पालथा हात ठेवून ताप नसल्याचं सांगितलं. सासरे पुढच्या फळीवर, चष्मा छातीवर सोडून, अत्यंत समाधानाने बसले होते. दुकान किती वाजता उघडतं आणि गल्ल्यापाशी पंखा कसा छान लागतो, एवढंच ते अधूनमधून सांगत होते.

आणि माझं लक्ष त्या चष्म्याकडे गेलं. तो एका लाल, वेटोळ्या दोरीला लटकत होता आणि दोरीच्या टोकाला लाल क्लिप होती. तुम्ही ती ओळखली असेलच. ती क्लिप इंजिनाच्या बटणाखाली अडकवायची आणि दोरी आपल्या मनगटाला, म्हणजे चालवणारा पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि इंजिन आपोआप थांबतं. पण क्लिप जागेवर नसेल तर खांदा निखळेपर्यंत ओढा, इंजिन ढिम्म. सासऱ्यांना लोंबती दोरी दिसली, त्यांनी ती कामाला लावली.

आता तुम्हीच सांगा, जावयाने सासऱ्यांना कोणत्या तोंडाने म्हणायचं की माझं इंजिन तुमच्या गळ्यात अडकलं आहे? म्हटलं असतं तर वस्तू जागेवर ठेवता येत नाहीत, हा धंदा काय करणार, इथपासून सुरुवात झाली असती. मी हिच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, भुवया वर केल्या. तिला आधी वाटलं, मला भोवळ येते आहे. मग तिची ट्यूब पेटली, आणि तिने बाबांचा चष्मा पुसायला म्हणून मागून घेतला तो पिशवीच्या नाडीला बांधून परत दिला. (नाडी जरा लांब झाली, चष्मा मांडीवर आला. त्यांनी काही विचारलं नाही. दोरी फुकटची असली की ते चौकशी करत नाहीत.) क्लिप बसवली, दोरी ओढली, इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. हे रोजचंच आहे असा चेहरा करून मी होडी हाकारली.

बरोबर मधोमध गेल्यावर ते आचके देत बंद पडलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आठवतो ना? मी तो रोज सैल सोडतो. सासऱ्यांना तो सैल दिसला. त्यांनी तो असा आवळला होता की माझ्या बोटांची सालं निघाली तरी हलेना. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही, हे बाटली चोखणाऱ्या बाळालाही कळतं, पण बाळाचं दुकान नसतं. मी पाठमोरा होऊन पक्कड शोधेपर्यंत सासरे उठून मागे इंजिनापाशी जाऊन आले. मला वाटलं, पाय आखडले असतील.

स्क्रू सैल केला, इंजिन सुरू झालं, पण इंजिनाच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार पडते, ती पडेना. धार थांबली म्हणजे आत गार पाणी फिरत नसेल, इंजिन ताबडतोब बंद करायचं, हे तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलं आहे. बंद केलं. होडी वाहत पाणवेलींकडे निघाली. खाली पंख्यापाशी वेल अडकली असेल म्हणून मी कमरेपर्यंत पाण्यात लोंबकळलो, तिथे काही नव्हतं. वर येऊन पाहतो तर धारेच्या भोकात राखाडी मसाला, नळाची गळती बुजवतात तो, आणि त्यावर अंगठ्याचा सुबक ठसा. गळत होतं, बुजवलं, असं सासऱ्यांनी आपण होऊनच सांगितलं. नर्सबाईंनी डोक्यातली पिन काढून दिली आणि म्हणाल्या, "यांना आमच्या वॉर्डात आणू नका. तिथे सलाइन लावलेली असतात."

पिनेने भोक मोकळं केलं. पण आता सासऱ्यांचे हात बांधल्याशिवाय पलीकडे पोहोचणं शक्य नव्हतं, आणि मला एकदम सुचलं. मी म्हटलं, बाबा, हा स्क्रू कोणी आवळणार नाही आणि ही धार कोणी बुजवणार नाही, याच्यावर एखाद्या जाणत्या माणसाने पहारा ठेवायला हवा. ते तत्काळ टाकीला पाठ लावून बसले. स्क्रूवर एक हात, धारेवर डोळा. नर्सबाई जरा पुढे सरकल्या तरी त्यांना हटकलं. होडी सरळ जाऊन धक्क्याला लागली. सासऱ्यांनी दिलेला शब्द पाळला. दुकानाचं नाव पुन्हा काढणार नाही म्हणाले आणि माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. (उजव्या बाजूला.) मामा, जिंकलो. तुमच्या इंजिनाने लाज राखली. मामींना नमस्कार, मांजरीला काही नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. सासरे अजून इथेच आहेत. इंजिन आपल्या पहाऱ्यामुळेच चालतं याची त्यांना खात्री पटली आहे, आणि जावयाला एकट्याला पाण्यावर सोडणं बरं नव्हे असं त्यांचं मत आहे. प्रत्येक खेपेला टाकीला टेकून बसतात आणि तळ्याच्या मधोमध मला शिकवतात. काल सुकाणू कसं धरायचं ते शिकवलं. आज खोकायचं कसं ते.

ता. क. २. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. त्यांचं दुकान बंद पडून आहे आणि गल्ल्यावर बसायला विश्वासू माणूस मिळत नाही असं ऐकतो. तुमचा त्यांच्यावर शाळेपासून वचक आहे. मी सुचवलं असं कळू न देता माझं नाव सुचवा. खिळे तोलायला मला जमेल. गल्ल्यापाशी पंखाही छान लागतो म्हणतात.

ता. क. ३. हे पाकिटाच्या बाहेर लिहितो आहे, कारण आत आता काही जाऊ शकत नाही. पाकिटाची कड सैल दिसली म्हणून सासऱ्यांनी ते चारी बाजूंनी मसाल्याने बुजवून दिलं आहे. उघडताना पक्कड घ्या.