तीनचा चहा

सिस्टर, दुपारी जेवून आडवी झाले की तुमचा वॉर्ड येतो. त्याला झोप म्हणता येत नाही आणि जागही नाही. पंखा फिरत असतो तो माझ्या घरचा, पण छत असतं आपल्या बायकांच्या वॉर्डाचं, उंच, पारव्यांनी घाण केलेलं. फिनेलचा वास येतो. खाटांच्या दोन रांगांमधून तुम्ही चपलेचा आवाज न करता चालत येता, आणि मी अजून शिकाऊच असते, हातात थर्मामीटरचा ट्रे घेतलेली. आता मी निवृत्त होऊन गुडघ्यांशी भांडत बसलेली बाई आहे, शहराचं नावसुद्धा बदललं. त्या वॉर्डात मात्र माझं वय वाढत नाही. तुमचंही नाही.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला फैलावर घेतलं होतं. देवगाव रंगारीच्या एका म्हातारीला मी विचारलं, "कसं वाटतंय आजी?" ती म्हणाली, "बरं हाय बाई." मी कागदावर लिहून टाकलं, तक्रार नाही. तुम्ही तो कागद वाचलात, मला दंडाला धरून परत तिच्याजवळ नेलंत आणि तिला विचारलंत, "मावशी, सकाळी उठून मोरीपोत जाता आलं का?" म्हातारी म्हणाली, "नाय वो, पायच टेकवत नाय." बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पाव्हण्याला कुणी सांगतंय का, घरातली साखर संपली म्हणून? आपली मानसं तशीच. तोंडाला नको इचारू पोरी, अंगाला इचार." मला राग आला होता. दुखत असेल तर माणसानं सरळ सांगावं, असं माझं तेव्हाचं शहाणपण.

तुमचा तीनचा चहा सगळ्या वॉर्डाला ठाऊक होता. पेशंटचं दूध गरम करायच्या छोट्या खोलीत तुम्ही स्वतः आलं ठेचून चहा करायच्या आणि उंबऱ्यापाशी उभं राहून बशीतून प्यायच्या. दिवसभरात तेवढीच पंधरा मिनिटं तुमची स्वतःची. त्या वेळात तुम्हाला हाक मारायची नाही असा काही नियम नव्हता, तरी आम्ही मुली तो पाळायचो. मला वाटतं, तुम्ही चहा पिताना हसऱ्या दिसायच्या म्हणून.

सोयगावकडची ती सून आठवते ना? विचारणं वेडेपणाचं आहे, तुम्हाला ती शेवटपर्यंत आठवत होती. सकाळी तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. नवरा औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेलेला, आणि स्टुलावर सासरा बसलेला, पटका मांडीवर ठेवून पुठ्ठ्यानं तिला वारा घालत. भला माणूस होता. दोनला मी नाडी मोजली तेव्हा ठीक होती. अडीचच्या सुमारास खाटेजवळून जाताना मी विचारलं, "दुखतंय का गं?" तिनं अर्धे डोळे उघडून पाहिलं, बोलली नाही. सासराच म्हणाला, "बरी हाय ती. निजू द्या जरा." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासऱ्यासमोर सून बोलणार कशी? मी तसल्याच घरातली. आमची आई आजोबांसमोर कधी मोठ्यानं खोकलीसुद्धा नाही. त्या बाईचं गप्प राहणं मला इतकं ओळखीचं होतं की मी पुढच्या खाटेकडे गेले.

तुम्ही चहाहून परतलात आणि दारातच थबकलात. तिचा पदर डोक्यावरून उतरून खांद्याखाली गेला होता. "सासरा म्होरं बसलाय," तुम्ही हळू म्हणालात, "आन् हिला पदराची शुद्ध नाय." मग तुम्ही धावलात. "बाबा, जरा भाईर बसा," म्हणालात, तिच्या कपाळाला हात लावलात. कपाळ गार, घामानं ओलं. नाडी दोऱ्यासारखी. आत रक्त सुटलं होतं. डॉक्टर आले, तिला परत ऑपरेशनला न्यायचं ठरलं, आणि ट्रॉली ढकलता ढकलता तुम्ही मला विचारलंत, "पदर कवा घसरला गं?"

मी म्हणाले, "आत्ताच, सिस्टर."

दिवस मावळायच्या आत ती गेली. सासरा एकच सांगत होता, "मला तर बरी हाय म्हनली." तुम्ही त्याच्याशेजारी फरशीवर बसलात. देवाची मर्जी वगैरे म्हणाला नाहीत. "आमाला उशीर झाला, बाबा," म्हणालात. तो म्हणाला, "तुमचा काय कसूर, बाई." मी भिंतीला टेकून उभी होते. इतकं खरं बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं आणि मला तुमची भीती वाटली.

त्यानंतर तुम्ही ड्युटीवर चहा घेतला नाही. मुली म्हणायच्या, सिस्टरनं चहाचा उपास धरलाय. मीही हसायची त्यांच्याबरोबर. पुढं तुम्ही निवृत्त झालात, मी तुमच्या घरी आले, तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले. तुम्ही आलं ठेचलंत, कप एकच काढलात, माझा. स्वतः तांब्यातलं पाणी घेतलंत. "मी चहाला गेले आन् तेवढ्यात त्या पोरीचा पदर घसरला," म्हणालात. "पंधरा मिंटं, बाई." बोलायची वेळ तीच होती. मी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि आलं छान उतरलंय म्हणाले. त्यानंतर आपली भेट झाली ती तुमच्या शेवटच्या आजारात, तुम्ही बोलू शकत नव्हतात तेव्हा.

पुढं मी कितीतरी मुलींना शिकवलं. पदराची गोष्ट सांगितली की मुली ती वहीत उतरवून घ्यायच्या. मुलींना वाटायचं, त्या सिस्टरची नजर केवढी. मी ती गोष्ट नेहमी तुमच्या दारात थबकण्यापासून सुरू करायची.

हे कागद मी कपाटात साड्यांखाली ठेवीन. दुपारच्या त्या गुंगीत नेहमी तीनला पाचच मिनिटं कमी असतात. तुम्ही माझ्याजवळून जाता, "येते गं," म्हणता, मी तोंड उघडते आणि जाग येते. तो पदर पहिल्यांदा तेव्हाच घसरला होता, सिस्टर, तुम्ही चहाला निघायच्या आधी. सासऱ्यासमोर तिची लाज राहावी म्हणून मी तो दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर घेतला आणि कडेनं नीट खोचला. तुम्ही जाता जाता तिच्याकडे पाहिलंतही, पण दिसण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं. तुमच्या चहाचा काही कसूर नव्हता.