पाटल्यांचे इंजिन

मी, लंकाबाई रंगनाथ निरभवणे, वय एकोणऐंशी, धंदा शेती, तालुका निफाड, जिल्हा नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. आईचे डोके फिरले आहे, असे माझा मुलगा रविराज गावभर सांगतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो त्याने दोनदा वाचावा.

१. माझे पती कै. रंगनाथ साखर कारखान्याच्या सायडिंगवर शंटिंगचे वाफेचे इंजिन चालवत. भरलेले डबे मेन लाइनपर्यंत ढकलायचे आणि रिकामे ओढून आणायचे, एवढेच त्या इंजिनाचे काम. ते कधी निफाडच्या पुढे गेले नाही, आणि हेही गेले नाहीत. सायडिंग बंद झाल्यावर इंजिन भंगारात निघाले. ह्यांनी मला न विचारता माझ्या पाटल्या मोडल्या, इंजिन विकत घेतले, ट्रेलरवर घालून आणले आणि आमच्या द्राक्षबागेत रुळांच्या दोन तुकड्यांवर उभे केले.

मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, पण मीठ मागितले तरी ऐकू न आल्यासारखे करायचे. शेवटी त्यांनी बाग माझ्या नावावर करून दिली. सातबारा पाहावा. बाग माझी आणि पाटल्याही माझ्या, तेव्हा इंजिन माझेच. ह्यावर कोणी वाद घालू नये.

२. शेजारचा किशोर ढोमसे मला तेव्हा भंगारवाली म्हणायचा. बाग नावावर झाली त्याच हिवाळ्यात, माझा अबोला चालूच असताना, थंडीची लाट आली. सगळ्यांनी बागेत शेकोट्या पेटवल्या, ह्यांनी इंजिन पेटवले. फार मोठा चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. इंजिनाजवळच्या ओळी वाचल्या, बाकीच्या बागेत मणी तडकले. पण सकाळी किशोर हात शेकायला आला आणि म्हणाला, "वहिनी, लय ऊब हे ह्या इंजिनाला." मी ह्यांना म्हणाले, "चहा घ्या." वर्षभरातला तो माझा पहिला शब्द.

किशोरला मी माफ केले आहे. त्याला काही देत मात्र नाही. तो खाली साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. बरेच झाले.

३. गेल्या वर्षी मी मोतीबिंदूसाठी नाशिकला असताना रविराजने गॅसकटरवाले बोलावले. माझी सून उज्वला इंजिनावर चढून बसली. "आत्याबाईंची वस्तू हे. कापायचं तर कापा, मी उतरनार नाय." दिवस मावळेपर्यंत ती उतरली नाही. शेवटी माणसे चहा पिऊन परत गेली. रविराज तिच्याशी अजून धड बोलत नाही. बोलेल. मीही बोललेच की.

म्हणून द्राक्षबाग रविराजला. परंतु इंजिन, त्याखालची जागा, वरचे पत्र्याचे छप्पर आणि रस्त्यापासून तिथपर्यंतची वाट उज्वलाला, तिच्या एकटीच्या मालकीची. ही वाट बागेच्या मधोमध जाते. मी ती मुद्दाम तशी मोजून घेतली आहे. आता बाग विकायची झाली तर आधी बायकोशी बोलावे लागेल.

राहते घर दोघांना. पोस्टातली रक्कम इंजिनाच्या तेलपाण्याला. ह्यांचे कोळशाचे फावडे उज्वलाला. हे गेल्यावर दर दसऱ्याला आम्ही दोघींनीच लाकडे घालून वाफ केली आहे, तिला सगळे येते.

४. माझा दहावा नदीवर न करता बागेतच, इंजिनासमोर करावा. भावकीने नाके मुरडली तर मुरडू द्यावीत. कावळा पिंडाला शिवला नाही तर रविराजने हात जोडून, "आई, इंजिन विकणार नाही," असे म्हणू नये. हा मुलगा कावळ्यालाही फसवेल. त्याने उज्वलाला लाकडे फोडून द्यावीत, वाफ होऊ द्यावी, आणि शिट्टीची साखळी स्वतःच्या हाताने ओढावी. लहानपणी बापाच्या कडेवर बसून तो ती साखळी सोडत नसे, रडून गोंधळ घालायचा. मला ते अजून दिसते.

शिट्टीने सगळे कावळे उडून जातील. जाऊ द्यावेत. पिंड गाईला घालावा.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि अंगठा न लावता सही केली आहे.

सही: लंकाबाई रंगनाथ निरभवणे

साक्षीदार:
किशोर ढोमसे, शेजारी
डॉ. सविता कराड, दाखला देणाऱ्या

स्थळ: निफाड
दिनांक: १ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी