अडेलाच्या ट्रॅक्टरमधला रेडिओ

शेतावरून, सस्कॅचवन
ता. २० ऑगस्ट १९८४

ती. स्तेफ्कावन्सं यांना लेस्याचा सा. न. वि. वि.

साष्टांग मनातल्या मनातच घालते, कारण काकड्यांच्या बरण्या भरून भरून कंबर कामातून गेली आहे. इकडे सगळे ठीक, निदान वरून तरी. विनिपेगला उकाडा कसा काय? तुमच्या कानातलं ते यंत्र अजून शिट्ट्या घालतंय का? खरं तर फोनच करणार होते. पण तुम्हाला फोनवर काही ऐकू यायचं नाही, आणि आमच्या सामायिक लाइनवर बाकी सगळ्यांना ऐकू जायचं. त्यातून जिच्याबद्दल सांगायचंय, तीच बया घंटी वाजली की सगळ्यांच्या आधी रिसीव्हर कानाला लावते.

तर अडेला. बोहदानची बायको, आपल्या पलीकडच्या शेतावरची. बोहदान मागच्या हिवाळ्यात गेला, हे तुम्हाला कळवलंच होतं. मी काही दगडाच्या काळजाची नाही हो. वसंतात सगळ्या शेजाऱ्यांनी आपापले ट्रॅक्टर नेऊन तिची पेरणी करून दिली, तेव्हा सगळ्यांना बटाटा भरलेले पिरोगी तळून कोणी घातले? मीच. आता ती बोहदानचाच जुना ट्रॅक्टर स्वतः हाकते. हाकू दे. पण त्या ट्रॅक्टरमधला रेडिओ बंद पडला, दिवसभर एकटीला केबिनमध्ये बसवत नाही, असं तिनं चर्चबाहेर रडवेल्या तोंडानं सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी तुमचे बंधुराज हत्यारांची पेटी घेऊन तिकडे हजर!

आता तुम्हीच सांगा, रेडिओ बदलायला असा कितीसा वेळ लागतो? जुना काढायचा, तारा जोडायच्या, दुसरा बसवायचा. पण यांचा प्रत्येक शनिवार तिकडे जातोय. माझ्या चुलीवरचा पंखा दोन वर्षं घरघरतोय, सांगितलं तर नुसती मान डोलावतात. अर्ध्या मैलावरून कोणाच्या यंत्राचं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस, त्याला शेजारी उभ्या बायकोची हाक ऐकू येत नाही. घरी जेवताना तोंडात गुळणी धरल्यासारखे बसतात. आणि तिकडे म्हणे गप्पा रंगतात!

यावरही कडी ऐका. परवा धान्याची गाडी हलवायला मी आपल्या ट्रॅक्टरवर चढले, तर समोर भोक! आपला चांगला चालता रेडिओ उपसून यांनी तिला नेऊन बसवलाय. मी विचारलं तेव्हा म्हणाले, मला आता काय करायचाय तो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उगाच जळते का, ते स्पष्ट लिहा. लहानांना पापा सांगा आणि माझ्यावरचा लोभ तेवढा अडेलाच्या वाटेला जाऊ देऊ नका.

तुमची,
लेस्या

*

विनिपेग
ता. ३० ऑगस्ट १९८४

चि. सौ. लेस्यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले, मग चहा घेतला, मग पुन्हा वाचलं.

जळतेस, यात शंकाच नाही. तुझ्या लग्नात फिडल वाजवताना नवरदेव ओरेस्ट एकसारखा माझ्या मैत्रिणीकडे बघतोय म्हणून तू मध भरलेली वाटी आदळली होतीस, आठवतं? तो बिचारा तिच्या मागच्या केककडे बघत होता. दुपारपासून उपाशी होता. तुझं नाक आणि तुझा राग, दोन्ही तेव्हापासून तसेच आहेत.

रेडिओचं मात्र मलाही नवल वाटलं. कापणीच्या दिवसांत रेडिओशिवाय ट्रॅक्टर चालवणारा माझा भाऊ नव्हे. पूर्वी तो गाण्यांच्या सुरात सूर मिळवत शेत नांगरायचा, कुंपणाबाहेर ऐकू यायचं. एक सांग, हल्ली तो फिडल वाजवतो का? आणि तू बोलतेस तेव्हा तो तुझ्या तोंडाकडे बघतो का? विचारते त्याचं कारण मग सांगेन. तोवर डोकं थंड ठेव, आणि काकड्यांची एक बरणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडून दे. आशीर्वाद फुकट देत नसते मी.

तुझी,
स्तेफ्का

*

शेतावरून
ता. ९ ऑक्टोबर १९८४

ती. वन्सं, सा. न. वि. वि. आज नमस्कारही रागानंच केलाय, वाईट मानू नका.

कापणी आटपली. गहू बरा आला. बाकी संसाराचं पीक बुडालं.

तुम्ही फिडलचं विचारलंत. ती पेटीत पडून आहे. ईस्टरपासून पेटी उघडलेली नाही. ज्या फिडलपायी मी शहरातल्या शिक्षकाचं स्थळ नाकारलं, आईचे टोमणे खाल्ले, ती फिडल! हॉलमधल्या लग्नांना हल्ली बोट दुखतं म्हणून सांगतात. रेडिओच्या बारीक तारा जोडताना ते बोट बरं दुखत नाही! आणि माझ्या तोंडाकडे बघतात का? बघतात की. टक लावून बघतात, आणि मी बोलायची थांबले की हसून मान हलवतात. जणू मी काहीच बोललेले नसते.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कापणीचं कोंबडीचं जेवण होतं. हे मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती. पूर्ण जेवणभर माझ्याकडे पाठ! तिचा आवाज तर तुम्हाला ठाऊक आहे, गिरणीचा भोंगा बरा. ती शिरा ताणून काहीतरी सांगतेय आणि हे खो खो हसताहेत. मी कोबीचे रोल वाढले, ग्रेव्ही वाढली, पण यांनी माझ्याकडे मान वळवली असेल तर शपथ. समोरच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण हे काहीच नाही. त्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या अंगणात गेले होते, पाव द्यायचं निमित्त काढून. ट्रॅक्टर सुरू होता. केबिनमध्ये हे बसलेले, एका हाताचा तळवा रेडिओच्या स्पीकरवर. ती पायरीवर उभी राहून आत वाकलेली, आणि तिचं तोंड, वन्सं, यांच्या कानाला लागलेलं! अगदी लागलेलं. बोटभर जागा नाही. काहीतरी सांगितलं, आणि यांनी डोळे मिटून घेतले. मी पाव कुत्र्याला घातला आणि घरी आले.

वीस वर्षांत मी कधी त्या कानाशी लागले नाही. आपल्याकडे तशी रीतच नाही असं मला वाटायचं.

महिनाअखेरीस मी बसनं तुमच्याकडे येतेय. यांना सांगितलेलं नाही. सांगून तरी काय, मान हलवतील. थारा द्याल ना?

तुमची अभागी,
लेस्या

*

विनिपेग
ता. १३ ऑक्टोबर १९८४

चि. लेस्या, आशीर्वाद नंतर, आधी हे वाच.

बसचं तिकीट काढू नकोस. तो पाठमोरा बसलेला असताना मागे उभी राहा आणि मोठ्या पातेल्याचं झाकण फरशीवर टाक. दचकला, तर खुशाल ये. माझी वरची खोली तुझी, आणि अडेलाला आपण दोघी मिळून शिव्या देऊ.

नाही दचकला, तर मात्र मला रडू येईल, आणि तुलाही. आमच्या बाबांचं असंच झालं होतं. माझंही. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, इंजिनाच्या तोंडाशी आमचं बालपण गेलं. मी शाळेत शिकवताना वर्षभर नुसती मान हलवून दिवस काढले होते, कोणाला कळू दिलं नाही. लाज वाटते गं. का वाटते ते विचारू नकोस, पण वाटते.

लगेच उत्तर पाठव. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
स्तेफ्का

*

शेतावरून
ता. २० ऑक्टोबर १९८४

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

झाकण टाकलं. कुत्रा दारातून बाहेर पळाला, फळीवरची वाटी खाली आली. हे पावाला लोणी लावत होते. ते लावतच राहिले.

मी तिथेच फरशीवर बसले. पंखा घरघरत होता. दोन वर्षं मी कोणाला ओरडून सांगत होते हो?

मग तशीच अडेलाकडे गेले. पदर खोचूनच म्हणा ना, पदर नसला तरी. तिनं काही लपवलं नाही. म्हणाली, पहिल्या दिवशी ओरेस्टनं रेडिओ बसवला, इंजिन सुरू केलं, आणि स्पीकरमधून डुक्कर कापल्यासारखी किंकाळी निघाली. इंजिनाची घरघर रेडिओत शिरली होती. तिनं दोन्ही कानांत बोटं घातली. आणि हे शेजारी उभे, फडक्याला हात पुसत, समाधानानं हसत विचारताहेत, छान लागलाय ना? गावात कानासाठी ज्याचं नाव, तो माणूस! तिला तिथेच कळलं. यांनी तिला हात जोडले, लेस्याला सांगू नकोस म्हणाले. म्हणाले, लेस्यानं माझ्याशी नाही, माझ्या फिडलशी लग्न केलंय. फिडल गेली हे कळलं तर तिच्यापाशी माझं काय उरतं?

असं म्हणाले, वन्सं! आणि कोणाला, तर अडेलाला!

तेव्हापासून हे दर शनिवारी एकेक तार बदलून बघत होते, आणि किंकाळी गेली की नाही ते ती कानाशी येऊन सांगत होती. उजव्या कानाला अजून थोडं कळतं, तेही कोणी अगदी लागून बोललं तर. त्या दिवशी मी बघितलं, तेव्हा ती सांगत होती की आता आवाज स्वच्छ येतो.

खरं सांगू? सगळं कळल्यावर मी जास्तच जळले. नवऱ्याचं गुपित माझ्याआधी हिला कळावं! हिनं माझ्या नवऱ्याचं दुःख महिनोन्‌महिने सांभाळावं, आणि मी घरी बसून पंख्यावरून भांडावं! अडेला रडली, मीही रडले, पण तिनं दिलेला केक मी खाल्ला नाही. इतकी मोठी मी अजून झालेली नाही.

घरी येऊन यांच्याशी कडाक्याचं भांडायचं ठरवलं होतं. पण भांडायचं तर ऐकू जायला हवं. मग रात्री जेवताना खुर्ची ओढून यांच्या उजवीकडे बसले, कानाशी तोंड नेलं आणि भांडले. आधी जोरात, मग हळू. मग काय बोलत होते ते मलाच कळेना. यांच्या हातातला पाव तसाच राहिला.

सास्कटूनच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुमच्यासारखं यंत्र मिळेल म्हणतात. बस रद्द. वरची खोली मात्र राखून ठेवा, आम्ही दोघं नाताळाला येऊ.

लोभ आहेच, तो माझ्या स्वभावासकट असू द्या.

तुमची,
लेस्या

*

शेतावरून
ता. ४ नोव्हेंबर १९८४

प्रिय ताई, नमस्कार.

मला पत्र लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. लेस्या शेजारी बसून लिहायला लावते आहे, पण वाचायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

तिनं आपल्या ट्रॅक्टरसाठी नवा रेडिओ आणला. मी म्हटलं, मला कशाला? तिनं ऐकलं नाही. मी तारा जोडल्या, ती पायरीवर उभी राहून किंकाळी येते का ते सांगत होती. अडेलाला विचारू का म्हटलं, तर तिनं पाना उचलला.

आता पेंढा आणायला निघालो की ती केबिनमध्ये माझ्या सीटच्या कडेला दाटीवाटीनं बसते. रेडिओ काय म्हणतो ते मला कळत नाही. ती कानाशी लागून सगळं सांगते. बर्फ कधी पडणार ते सांगते, फिडलचं गाणं लागलं तर माझ्या गुडघ्यावर ताल धरते, आणि मध्येच अडेलाबद्दल काहीबाही सांगते.

तेवढं मी ऐकू न आल्यासारखं करतो. तिला सांगू नकोस.

तुझा,
ओरेस्ट