आजोबा जेवत नाहीत

३ जून, सकाळ
निवृत्तीनंतर रिकामं बसणं मला मान्य नाही. (दिवसभर घरात बसून मी तिचं डोकं खातो, असं आमची ही म्हणते. निव्वळ आरोप.) आजपासून बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात सेवा. कारखान्यात अख्खी शिफ्ट सांभाळली. चार कुत्री काय चीज आहेत!

३ जून, संध्याकाळ
पहिला दिवस उत्तम. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी आत गेल्या गेल्या म्हणाल्या, आजोबा, खाली बसा. मी बसलो. त्या कुत्र्याशी बोलत होत्या.
आजोबा म्हणजे एक म्हातारा तपकिरी कुत्रा. आजारी पडल्यावर मालकाने निवाऱ्याच्या फाटकाला बांधून पोबारा केला. काल पोटातली गाठ काढली. पोटाला टाके, ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा. ऑपरेशन झकास झालं, पण अन्नाला तोंड लावत नाहीत. असंच चाललं तर कठीण आहे, असं बाई म्हणाल्या. म्हटलं, सोडा माझ्यावर.

४ जून
आजोबांना शिस्तीत समजावलं. भिंतीकडे तोंड करून झोपले. आमच्या युनियनचा सेक्रेटरी असाच करायचा. शेवटी ऐकायचा. (ऐकायचा नाही. पण बोलणी व्हायची.)

५ जून
प्रात्यक्षिक. त्यांच्या डब्यातलं बिस्किट स्वतः खाऊन दाखवलं. आजोबांनी मान वर करून पाहिलं. प्रगती! झाडलोट करणाऱ्या मावशींनीही पाहिलं. चव तशी वाईट नाही.

६ जून
बाई ऑपरेशनमध्ये अडकलेल्या. परवानगीची वाट कोण बघत बसणार? घरून नेलेला दूध-पाव पुढे केला. आजोबांनी चक्क चाटला! पशुवैद्यकाच्या एवढ्या शिक्षणाची गरजच काय, असा प्रश्न पडतो.

७ जून
आजोबांना जुलाब. सलाईन लावलं. बाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. एवढंच म्हणाल्या, काका, त्याच्या अंगात आधीच काही उरलेलं नाही हो. यापुढे वॉर्डात यायचं नाही.
दूध ताजं होतं. तसं सांगितलं त्यांना.
घरी जेवलो नाही. भूक नव्हती. याचा त्या कुत्र्याशी काडीचाही संबंध नाही.

८ जून
वॉर्डात यायचं नाही म्हणाल्या. दाराबाहेर बसायचं नाही, असं कुठे म्हणाल्या? खुर्ची टाकून बसलो. मावशींनी फरशी पुसताना मला दोनदा उठवलं. दोन्ही वेळा परत बसलो. आजोबा अजून उपाशी.

९ जून
पुन्हा बसलो. दुपारी ही माझा विसरलेला चष्मा घेऊन आली. तो माझ्या हातात कोंबला आणि थेट आत! हिला बंदी नाही. बाईंनी आजोबांचा कर्णा काढला. ही फरशीवर बसली, बाईंनी दिलेलं पातळ खाणं बोटाला लावलं आणि गप्प बसून राहिली. ना भाषण, ना आग्रह. बऱ्याच वेळाने आजोबांनी बोट चाटलं. मग वाटी.
मी दारातून पाहत होतो. फिनेल फार कडक वापरतात तिथे. डोळ्यांत जातं.
नोंद: भूक आधी मी तयार करून ठेवली होती.

११ जून
निर्णय! आजोबांना घरी आणायचं. हिला पटवण्यासाठी मुद्दे तयार केले. पहिल्याच मुद्द्याला ही म्हणाली, अहो, बाईंशी माझं कालच ठरलंय, तुम्ही फक्त गाडी चालवा.
उरलेले मुद्देही ऐकवले. सोडतो की काय!

१३ जून
आजोबा घरी. सदैव हिच्या पायांत. मी खोलीत शिरलो की गुरगुरतात. धाक बसलेला दिसतो.

१६ जून
टाके काढायला नेलं. चिमटा दिसताच आजोबा थरथरू लागले आणि कर्ण्यासकट एकदम माझ्या मांडीवर! डोकं थेट काखेत. ही शेजारी असताना! टाके निघेपर्यंत हललो नाही. पायाला मुंग्या आल्या, पँट भिजली (त्यांनी भिजवली), तरी हललो नाही. हिला म्हटलं, बघितलंस?
बाई हसल्या. म्हणाल्या, काका, घाबरला की हा जवळ जे सापडेल त्यात शिरतो. मागच्या वेळी कचऱ्याच्या टोपलीत शिरला होता.
असेल. आज जवळ मी होतो.