तेवीस हजार पावलं

२ जानेवारी
ठरलं. मार्चमध्ये निधीबरोबर हिमालयात, बर्फातला ट्रेक. वय बावन्न, पण बांधा मुळात खेळाडूचा.
निधी, माझी लेक, पुण्यात असते. दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही. तिच्या पदवीदान समारंभाला येतो म्हणालो होतो, मग फ्लाइट रद्द झाली असं कळवलं, आणि त्याच संध्याकाळी सुनीताने आमचा बार्बेक्यूचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. बायकोला पोच नाही. आता निधीचा मेसेज: ट्रेकला यायचं तर ये, पण रोज दहा हजार पावलं चाल आणि घड्याळाचा डेटा माझ्याशी शेअर कर, तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही. पोरगी तिखट आहे, पण बाप सोबत हवाय हे स्पष्ट दिसतं. स्मार्ट वॉच घेतलं.

६ जानेवारी
पावलं: १,१४०. दोष देशाचा. बहरीनमध्ये चढायला आहे काय, तर फ्लायओव्हर.

९ जानेवारी
काय डोकं चाललं माझं! मी ज्या फ्रोजन चिकनच्या कंपनीत ॲडमिन मॅनेजर, तिच्या मआमीरच्या गोदामात उणे अठरा असतं. फुकटचा हिमालय. आज आत सराव केला. चार मिनिटं. जास्त थांबलो असतो, पण मीटिंग होती.
आतला लोडर खिजर, दापोलीकडचा, माझ्याहून थोडा लहान. नऊ वर्षं तिथेच आहे. फोटोसाठी त्याचं जॅकेट घातलं. चेन तुटलेली. म्हणाला, साहेब, दोन वर्षं नवीन मागतोय. म्हटलं, पुढच्या क्वार्टरला बघू. जॅकेट परत देईपर्यंत तो दारात हात चोळत उभा. फोटो निधीला पाठवला. तिने बघितला. उत्तर नाही.

१३ जानेवारी
माझं काम बसून. घड्याळ फुकट जातं. सकाळी खिजरच्या हातात बांधलं, कंपनीचा सर्व्हे आहे म्हणून सांगितलं. संध्याकाळी परत घेतलं तर २३,४१२! आणि निधीचा अंगठा आला. दिवाळीनंतरचा पहिला. पोटऱ्या चांगल्याच दुखतायत माझ्या.

२७ जानेवारी
सरासरी बावीस हजार. निधीने 'वा बाबा' लिहिलं. सुनीताने विचारलं, अहो, चालता कधी? म्हटलं, ऑफिसात. हसली. घरातून पाठिंबा म्हणून नाही.

६ फेब्रुवारी
संध्याकाळी सूचना आली: हृदयाचे ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. सोफ्यावर आडवा झालो, सुनीताला सगळं माफ केलं. मग आठवलं, हृदय माझं नाहीच! केवढं हायसं वाटलं. चहा घेतला.
तेवढ्यात निधीचा फोन. तिलाही तीच सूचना गेलेली. रडत होती. बावीस मिनिटं बोलली. खरं सांगणारच होतो, पण इतकी मनापासून रडत होती, म्हटलं कशाला मध्ये बोला.

१५ फेब्रुवारी
आणखी तीन सूचना. निधी आता रोज सात वाजता फोन करते. काल मी तिला ईसा टाउनच्या शाळेत सोडायचो त्या आठवणी निघाल्या. सोडायची सुनीता, पण असो.
तिच्या हट्टापायी ईसीजी काढला. एकदम क्लीन. तर म्हणते, रिपोर्ट तू पैसे देऊन आणला असशील. किती ओळखते बापाला! शेवटी म्हणाली, ये, पण ट्रेकभर तुझा हात सोडणार नाही.

२० फेब्रुवारी
खिजर केबिनमध्ये. साहेब, हल्ली छातीत फडफडतं, शिडी चढलो की अंधारी येते, गुरुवारी रजा द्या, डॉक्टरला दाखवून येतो. आता, गुरुवारी रजा म्हणजे पावलं शून्य. शिवाय औषधपाणी केलं आणि ठोके सुधारले तर निधीचे फोन? म्हटलं, गॅस असेल. ड्रॉवरमधली गोळी दिली. रजा ट्रेकनंतर, इंशाल्ला. माझा स्वभावच मऊ.

३ मार्च
रमजान लागला. शिफ्ट सहा तासांची, पावलं चौदा हजारांवर. खिजरला म्हटलं, घड्याळ रात्रीही राहू दे, आणि रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला जवळची मशीद सोडून लांबच्या मशिदीत चालत जा, पुण्य जास्त. घड्याळाचा पट्टा सैल करून कामाला गेला. पटलं असावं.

११ मार्च, ट्रेकचा पहिला दिवस
घड्याळ माझ्याच हातात. बर्फ फोटोत बरा. सकाळी काचेसारखा टणक, ऊन चढलं की मऊ, पाय मांडीपर्यंत आत. बुटाखालचे खिळे मी आधी उलटे बांधले. गाईड म्हणाला, सर, अख्ख्या ग्रुपमध्ये तुमचा डेटा भारी होता. निधीने हात धरलेला. अर्ध्या तासात मी तीनदा बसलो, एकदा पडलो, बरोबर तिलाही पाडलं. तिने घड्याळ पाहिलं. ठोके जोरात, पण नियमित. म्हणाली, बाबा, बरं कसं झालं? म्हटलं, तू आहेस ना. तिने मला मिठी मारली. अशी ती सातवीनंतर मारत नव्हती.
मग फोन वाजला. गाव जवळच होतं, म्हणून रेंज. माझी बोटं बधिर, निधीने स्पीकरवर घेतला. गोदामाचा सुपरवायझर नजीब. खिजर फ्रीझरमध्ये कोसळलाय, सलमानिया हॉस्पिटलला नेलाय, दोन महिने तुम्ही त्याच्या हातात घड्याळ बांधलं होतं, त्याचं रीडिंग डॉक्टर मागतायत, यल्ला साहेब, लगेच पाठवा.
निधीने माझ्या फोनवरून सगळा डेटा स्वतः पाठवला. फोन माझ्या खिशात ठेवला आणि ग्रुपबरोबर वर गेली.
मला खेचरावर बसवून खाली आणलं. खेचर हिंदकळत चाललं, त्याची पावलं घड्याळाने माझ्या नावावर धरली. ६,२०८.

१६ मार्च
परत बहरीन. खिजर वाचला. डॉक्टर म्हणे, रीडिंगमुळे निदान पटकन झालं. म्हणजे जीव मीच वाचवला. तसा मेल एचआरला केला. त्यांनी उलट विचारलंय की त्याची रजा का नाकारली. कृतज्ञता म्हणून नाही.

२२ मार्च
निधी आली! हार घेऊन एअरपोर्टला गेलो. सुनीता आधीच पोचलेली. दोघी नजीबच्या गाडीतून थेट सलमानियाला. निधीने खिजरसाठी बर्फातलं जॅकेट आणलंय. चेन धड आहे, मी लांबून पाहिलं.

१० एप्रिल
निधी परत पुण्यात. जाताना खिजरला नवीन घड्याळ देऊन गेली. रोज सात वाजता त्याला फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. नजीब सांगत होता.
माझा डेटा तिने बंद केलेला नाही, हे महत्त्वाचं. आता घड्याळ मी स्वतःच घालतो. पावलं ८९०. पावणेसातला सोफ्यावर बसून ठोके तपासले. तीनदा. तिन्ही वेळा सगळं नियमित. आठ वाजले. फोन नाही.